नऊ खडे, एकाआड एक

आमच्या दुकानासाठी खडे बसवणाऱ्या कारागिराला तांबडा आणि हिरवा यांतला फरक कळत नव्हता. ही गोष्ट तीस वर्षं फक्त दोघांना ठाऊक होती, ते स्वतः आणि त्यांची बायको. मला ती कळली तेव्हा माझ्या नोकरीची शेवटची दोन वर्षं उरली होती, आणि ती उघडकीला यायला मीच लिहिलेला एक आकडा कारण झाला. म्हणून हकीकत क्रमाने सांगण्याचं काम माझ्याकडेच येतं.

दुकानात त्यांना सगळे भिंगकाका म्हणत. वयाने ते माझ्यापेक्षा काही महिन्यांनीच मोठे, पण मीही काकाच म्हणत असे. उजव्या डोळ्याला भिंग लावलेलंच असायचं. बोलताना ते कपाळावर सरकवत, त्यामुळे भुवईच्या वर एक गोल वळ कायमचा उमटला होता. माणूस ठेंगणा, हात मात्र लांब, बोटं शेवटाशी चपटी झालेली. कामाला बसले की ओठ मिटून घेत आणि नाकाने एकसुरी आवाज काढत. गाणं म्हणावं असं त्यात काही नव्हतं.

दुकान मोठ्या रस्त्यावर, त्यांचं घर मागच्या दोन गल्ल्या ओलांडून. पुढच्या खोलीतच त्यांचा कारखाना. कारखाना म्हणजे खिडकीपाशी एक ठेंगणं लाकडी मेज, त्याला अर्धगोल खाच, खाचेखाली सोन्याचा कीस पडायला टांगलेली कातड्याची झोळी. भिंतीला कानशी, चिमटे, फुंकणी. मधल्या दारातून स्वयंपाकघर दिसायचं आणि स्वयंपाकघरातून मेज. गिऱ्हाईक दुकानात यायचं, हवा तो दागिना सांगायचं, मी माप आणि वजन घेऊन पाकीट तयार करायचो आणि सोनं, खडे, कागद असं सगळं त्या पाकिटातून काकांच्या घरी जायचं. तयार मालाचा साठा आमच्याकडे कधी नव्हताच. प्रत्येक वस्तू सांगून करून घेतलेली.

काकांचे वडीलही हेच काम करत, पण साध्या सोन्याचं. वळी, साखळ्या, बांगड्या. त्यांनी मुलाला खडे कधी दिले नाहीत. त्यांना मुलाच्या डोळ्यांचं कळलं होतं की नाही, हे आता समजायला मार्ग नाही. सोनं तापवताना ते कितपत लाल झालंय हे बघून इतर कारागीर अंदाज घेतात. काकांना तो लालपणा दिसत नव्हता, म्हणून ते टाकणखाराकडे बघत. सांध्यावर लावलेला टाकणखार आधी लाहीसारखा फुगतो, मग बसतो, मग काचेसारखा चकाकत पळतो. तो पळाला की आच काढायची. या हिशेबात त्यांचा सांधा कधी जळला नाही. वडिलांना वाटे, पोरगं सावध आहे.

खडे आले ते लग्नानंतर. आळीतले लोक म्हणत, बायकोचा पायगुण. त्यांना काय ठाऊक!

झालं असं की लग्नाच्या दुसऱ्या आठवड्यात काकूंनी नवा स्वेटर घातला आणि काका म्हणाले, "हा हिरवा तुला शोभून दिसतो." स्वेटर विटकरी होता. काकूंना आधी वाटलं नवरा थट्टा करतोय. मग वाटलं, तिरका बोलतोय. जेवणं झाल्यावर शिवणाच्या डब्यातली चार रिळं काढून त्यांनी मेजावर मांडली.

"हे कुठलं?"

"निळं."

"हे?"

"पिवळं. परीक्षा घेतेस का?"

"हो. आणि ही दोन?"

काकांनी दोन्ही रिळं हातात घेतली, खिडकीपाशी नेली, परत आणली. "एकाच रंगाची आहेत," ते म्हणाले. "एक जरा मळलंय."

काकूंनी रिळं डब्यात ठेवली. "सोनाराच्या घरात हे चालायचं नाही," त्या म्हणाल्या. त्यांचे स्वतःचे वडील कापडाच्या दुकानात मोजणीवर होते. रंग हा त्यांच्या घरचा विषय.

तरी काका तोवर गुपचूप खडे बघत असत. शेजारच्या कारागिराकडचे मागून आणायचे आणि भिंगातून तासन् तास आत डोकवायचं. रंग नाही तर नाही, आत काय आहे ते तर दिसतं. पाचूच्या पोटात शेवाळासारखं, मोडलेल्या काटक्यांसारखं काहीतरी असतं. माणकात बारीक सुया, एकमेकींना छेदणाऱ्या, रेशीम पसरल्यासारख्या. चांगल्या खड्यातही थोडं काहीतरी असतंच. खड्याचा रंग बघून समाधान मानणारे लोक आत बघतच नाहीत. काका दुसरं काही बघू शकत नव्हते, म्हणून आतलं बघून बघून पटाईत झाले.

"आतून मी बघतो," ते बायकोला म्हणाले. "बाहेरून तू बघ."

तेव्हापासून पुढची जवळपास तीस वर्षं असं चाललं. पाकीट घरी आलं की काकू दाराला कडी लावायच्या, पांढऱ्या कागदावर खडे ओतायच्या आणि रंगाप्रमाणे वेगळ्या पुड्या बांधायच्या. तांबड्याच्या पुडीचा एक कोपरा कातरीने कापलेला, हिरव्याचे दोन. निळे, पिवळे, पांढरे काकांना कळत, त्यांचे कोपरे शाबूत. छटा जुळवायची असेल तर काकू चढत्या क्रमाने खडे मांडून ठेवायच्या आणि मग पोळ्या लाटायला जायच्या. काका तो क्रम न मोडता एकेक खडा उचलायचे. काम बघायला मी अनेकदा त्या खोलीत बसलोय, चहा प्यालोय. कोपरे कापलेल्या पुड्याही बघितल्यात. मला वाटायचं, उंदीर असतील.

जुळणीसाठी भिंगकाकांचं नाव झालं. एका बाईंच्या हारात एकवीस माणकं टोकापासून मध्यापर्यंत गडद होत जाणारी. त्या हाराचा फोटो कित्येक वर्षं दुकानाच्या काचेत होता. मालक गिऱ्हाइकांना सांगत, "डोळा बघा, डोळा! अशी नजर आता होणे नाही." काका समोर असले तर मान खाली घालत. आम्ही तो विनय समजत होतो.

मग दुकानाच्या विमा कंपनीने हरकत घेतली. किमती माल असा गल्लीबोळांतून पाकिटात फिरवायचा नाही. मालकांनी वरच्या मजल्यावर एक लांब खोली तयार करून घेतली. आठ मेजं, आठ दिवे, छताला कॅमेरे, कोपऱ्यात तिजोरी. सगळ्या कारागिरांनी सकाळी वर जायचं, संध्याकाळी झोळी झटकून खाली यायचं. खडा इमारतीबाहेर जाणार नाही. या व्यवस्थेत मालकांच्या सुनेचा पुढाकार होता. ती दागिन्यांचं रेखाटन शिकून आलेली. तिला घरी आणि दुकानात सगळे सूनबाईच म्हणत. तिची चित्रं रंगीत पेन्सिलींनी काढलेली असत, सुबक.

भिंगकाकांना खिडकीजवळचं मेज मिळालं. पहिल्याच आठवड्यात ते खाली माझ्याकडे आले.

"काय कॉमर्सवाले," ते म्हणाले. मला ते असंच हाक मारत. "एक काम कराल का? पुड्यांवर रंग लिहीत जा."

"रंग? खडा आत आहे की. उघडलं की दिसेल."

"लिहा हो. तुमचं अक्षर चांगलं आहे."

मी लिहू लागलो. प्रत्येक रंगाची पुडी वेगळी, वर खड्याचं नाव, संख्या, रंग. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. इतक्या वर्षांत एका तरी कारागिराला कागदाचं महत्त्व पटलं होतं. दीड वर्ष काहीही बिघडलं नाही. काका घरी जाऊन म्हणत, "तुझ्या कातरीपेक्षा त्यांचं पेन बरं." काकूंना ते आवडत नसे. पाकिटं यायची बंद झाल्यापासून त्यांचे दुपारचे दोन तास मोकळे पडले होते. सुरुवातीला त्या म्हणाल्या, सुटले बाई. पुढे त्यांनी घरातले सगळे दोरे रंगाप्रमाणे लावले, मग शेजारणीचे.

त्या दरम्यान एक निवृत्त मुख्याध्यापिका दुकानात आल्या. उंच, ताठ, हातात कापडी पिशवी. पिशवीत रुमाल, रुमालात कागदाची पुडी, पुडीत नऊ खडे. त्यांच्या आईचा हार तुटला होता, सोनं केव्हाच वाटण्यांमध्ये गेलं होतं, खडे मात्र या बाईंकडे राहिले. सगळे एकाच आकाराचे, गोल, ज्वारीच्या दाण्यापेक्षा थोडे मोठे. त्यांचं ब्रेसलेट करून नातीला द्यायचं होतं.

सूनबाईंनी तिथेच चित्र काढलं. सोन्याची नाजूक पट्टी, तिच्यावर ओळीने नऊ खडे, हिरवा-तांबडा-हिरवा-तांबडा, दोन्ही टोकांना हिरवा. बाईंना पसंत पडलं.

मी खडे मोजले. चार माणकं, पाच पाचू. नेहमीप्रमाणे दोन पुड्या करणार, तर बाई म्हणाल्या, "नाही, एकत्रच राहू द्या. आईने एकत्र ठेवले होते." त्यांनी पुडीवर चिकटपट्टी लावून तीवर सही केली, म्हणजे कारागिरानेच ती फोडावी. मी पाकिटावर लिहिलं: माणिक ५, पाचू ४.

असं का लिहिलं, याचं कारण मला आजही देता येत नाही. फोन वाजत होता असं आठवतं. पण फोन रोजच वाजतो.

काकांनी पुडी फोडली तेव्हा काय झालं, ते त्यांनी मला नंतर सांगितलं. नऊ खडे एकाच मातकट रंगाचे, त्यांच्या दृष्टीने. ते घाबरले नाहीत. भिंग लावलं आणि एकेकाच्या आत शिरले. चारांमध्ये काटक्या आणि शेवाळ. ते डावीकडे. चारांमध्ये सुयांचं रेशीम. ते उजवीकडे. नवव्यात यांपैकी काहीच नव्हतं. नवव्यात एक बुडबुडा होता, टाचणीच्या टोकाएवढा, अगदी गोल. म्हणजे काच. खरा खडा कधीतरी पडला असेल आणि कुणीतरी त्या जागी काच बसवून दिली असेल, बाईंच्या आईच्या हयातीत किंवा त्याआधीही.

काच आहे हे त्यांना लगेच कळलं. कुठल्या रंगाची आहे, हे कळेना.

ते खाली आले. मी बिलांची फाइल लावत होतो.

"त्या मुख्याध्यापिका बाईंच्या कामात," ते म्हणाले, "एक खडा काच आहे."

"अरेच्चा. मालकांच्या कानावर घालतो."

"घाला. आणि माणकं पाच ना? नक्की?"

"काका, कागदावर लिहिलंय ना, पाच."

"नाही, म्हटलं विचारावं."

"माझं लिहिलेलं कधी चुकलंय?"

"तसं नाही हो," असं म्हणून ते वर गेले. मी फाइलमधून मान वर केली नव्हती. केली असती तर त्यांच्या हातात उघडी पुडी दिसली असती.

मालकांनी सांगितलं, बाई न्यायला येतील तेव्हा काचेचं बोलू, आत्ता काम होऊ द्या. काकांनी काम केलं. माणकं पाच असतील तर टोकांना माणिक यायला हवं. समोरच्या चित्रात तसं नव्हतं, पण त्यांना चित्रात नऊ सारखी वर्तुळं दिसत होती. काच मऊ, तिला ओरखडे लवकर पडतात. मनगटाच्या वरच्या बाजूला ती घासली जाईल, म्हणून ती त्यांनी फाशाजवळ, ब्रेसलेट जिथे अडकवतात तिथे, शेवटच्या जागी घेतली. पाचव्या माणकाच्या जागी हिरवी काच बसली. कोंदणाची कड एकसारखी वळवलेली, कुठे नखसुद्धा अडकू नये अशी. वर पॉलिश. मी इतकं स्वच्छ काम क्वचित बघितलंय.

बाई ठरल्या दिवशी दुपारी आल्या, सोबत नात. सूनबाईंनी मखमली तबकात ब्रेसलेट आणलं आणि तबक ठेवता ठेवता तिचा हात थांबला. बाईंनी चष्मा बदलला. एका टोकाला तांबडा होता, दुसऱ्या टोकाला दोन हिरवे शेजारी शेजारी.

"मी चाळीस वर्षं लहान मुलांना शिकवलं," बाई म्हणाल्या. "मणी एकाआड एक ओवायला सांगितले की पहिलीतली पोरंसुद्धा ओवतात."

नात म्हणाली, "आजी, राहू दे ना."

"राहू कसं दे? तुझ्या हातात घालायचंय ते, माझ्या नाही."

मालकांनी बाईंना खुर्ची दिली, पाणी मागवलं आणि भिंगकाकांना आतल्या खोलीत बोलावलं. सूनबाई आणि मीही गेलो. मी पाकीट बरोबर घेतलं होतं. जाता जाता ते वाचलं आणि माझी चूक मला दिसली.

"मालक, चूक माझी आहे," मी म्हणालो. "चार आणि पाचची उलटापालट झाली."

मालकांनी पाकीट बघितलं, बाजूला ठेवलं. "तुमची चूक कागदावरची. खडा तर यांच्या डोळ्यांसमोर होता. काका, दिसत नाही का तुम्हाला?"

हा प्रश्न रागावलेलं कुणीही विचारतं. त्याला उत्तर द्यायचं नसतं. काका म्हणाले, "नाही."

"काय नाही?"

"तांबडं-हिरवं दिसत नाही. दोन्ही एकच दिसतं. जन्मापासून."

मालक हसले. मग कुणी हसत नाही हे बघून थांबले. "आणि तो एकवीस माणकांचा हार?"

"तो बायकोने लावला. मी बसवला."

"सगळे?"

"सगळे. इथे आल्यापासून हे सांगतात." त्यांनी माझ्याकडे हात केला. मी जमिनीकडे बघत होतो.

मालकांनी पाकीट पुन्हा उचललं, पुन्हा ठेवलं. "मी लोकांना सांगत फिरलो," ते म्हणाले, "काय नजर आहे म्हणून. उद्या हे बाहेर कळलं तर? ज्याला माणिक आणि पाचू कळत नाही त्याच्या हाती आम्ही लोकांचे खडे देतो!"

"कळतं," काका म्हणाले. "दिसत नाही." आणि पुढे, "त्या बाईंना काचेचं सांगितलं का कुणी?"

कुणीच सांगितलं नव्हतं. मालकांचा चेहरा पडला. चुकीचं ब्रेसलेट आणि वर ही बातमी. पण काका तोवर बाहेर गेले होते. ब्रेसलेट हातात घेऊन ते बाईंसमोर उभे राहिले.

"बाई, यातला एक खडा खोटा आहे. आम्ही बदललेला नाही. तुम्ही आणला तेव्हाच काच होती."

"कुठला?"

"दोन हिरवे शेजारी आलेत ना, त्यांतला टोकाचा."

बाई ताठ बसल्या. "हा हार आईने दोन नावाजलेल्या लोकांना दाखवला होता. कुणी काही बोललं नाही."

"रंग चांगला आला असेल," काका म्हणाले आणि भिंग काढून त्यांच्या हातात दिलं. "इथे बघा. बुडबुडा आहे. माणकाची सुई मला ओळखू येते, पाचूचं शेवाळ येतं. बुडबुड्यावरून रंग कळत नाही, म्हणून मी फसलो. मला तांबडं-हिरवं दिसत नाही."

बाईंनी भिंगातून बराच वेळ बघितलं. मग नातीला दाखवलं. नात म्हणाली, "अगं हो की, सोडावॉटरसारखा!"

"मग आता कुणाकडून दुरुस्त करून देणार?" बाईंनी मालकांना विचारलं. मालक म्हणाले, दुसरा कारागीर करेल. बाई म्हणाल्या, "दुसऱ्याला हे दिसलं असतं का?" त्यांनी भिंग नातीकडून घेऊन काकांना परत दिलं. "यांनाच करू द्या. आणि काच तशीच ठेवा. आईने ती खरी समजूनच घातली."

दुसऱ्या दिवशी सूनबाई काकांच्या मेजाशेजारी स्टूल घेऊन बसली. खडे काढताना कोंदणाची कड एकदा उघडली की दुसऱ्यांदा मिटताना तुटायची भीती असते. काच होती तिथेच राहिली; बाकीच्या आठांपैकी सात कडा काकांनी वाचवल्या, एक नवी केली. सूनबाई खडा चिमट्यात देताना म्हणायची, "हिरवा. तांबडा." तिसऱ्या खड्याला ते म्हणाले, "ओरडू नका, मला ऐकू येतं." ब्रेसलेट संध्याकाळी गेलं.

महिनाअखेरीला मालकांचा निर्णय आला. काकांना काढायचं नाही. पण यापुढे साधं सोनं, खडे नाहीत.

त्या संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर घरापर्यंत गेलो. चूक माझी होती, तेवढं तरी जायला हवं होतं. बाईंचं प्रकरण काका घरी बोललेच नव्हते. दारात उभं राहूनच त्यांनी काकूंना सगळं सांगितलं. काकू ओट्यावर पालेभाजी निवडत होत्या.

"सांगितलंत?" त्या म्हणाल्या. "सगळ्यांसमोर?"

"मालकांनी विचारलं."

"मी तीस वर्षं सख्ख्या बहिणीला हे बोलले नाही. आई गेली, तिला बोलले नाही. पाहुणे आले की पुड्या पिठाच्या डब्यात लपवल्या. आणि तुम्हाला एकदा विचारलं तर तुम्ही सांगून मोकळे!"

"मग काय म्हणायचं होतं?"

"चष्मा घरी राहिला म्हणायचं! माणसाला काही सुचायला नको?" मग त्या माझ्याकडे वळल्या. "आणि तुम्ही हो भाऊजी. पाच आणि चार येत नाहीत तुम्हाला? कॉमर्सला होतात ना?"

मी म्हणालो, "चुकलो, वहिनी."

"बसा. चहा टाकते," त्या म्हणाल्या. चहा येईपर्यंत भांडी जरा जोरातच वाजत होती.

पुढचे सात आठवडे काकांनी वळी केली. साखळ्या, साध्या अंगठ्या, जुन्या बांगड्यांचे सांधे. कामात खोट काढायला जागा नव्हती. पण नाकाने काढायचा तो आवाज बंद झाला. शेजारच्या मेजावर दुसरा कारागीर खडे बसवायचा, आणि काका स्वतःची अंगठी हातात धरून त्याच्या हाताकडे बघत राहायचे. एकदा तो म्हणाला, "काका, जरा आत बघता का, हा मला बरा वाटत नाही." काका अर्धे उठले, कॅमेऱ्याकडे बघितलं आणि खाली बसले. "मला खडे मनाई आहेत," ते म्हणाले. मी त्या वेळी माप घ्यायला वर गेलो होतो, म्हणून हे पाहिलं.

आठव्या आठवड्यात ते खाली आले. "कॉमर्सवाले, काम सोडायचा अर्ज कसा लिहितात?"

"काका, दोन वर्षांत तुम्ही तसेही थांबाल. पगार चालू आहे, त्रास नाही. कशाला?"

"साध्या अंगठीत आत बघायला काही नसतं."

मी अर्ज लिहून दिला. सही करण्याआधी त्यांनी तो दोनदा वाचला, आणि म्हणाले, "आकडे नाहीत ना यात?" मी हसलो नाही. ते हसले.

घरी मात्र गोष्ट इतकी सरळ नव्हती. घरी बसून काम करायचं तर काकू हव्यात, आणि काकूंनी अट घातली. आता चोरून नाही. दाराला कडी नाही, पिठाचा डबा नाही. ज्याचा खडा, त्याच्यासमोर बसून मी रंग सांगणार, आणि का सांगते तेही सांगणार. काका म्हणाले, अशाने कुणी काम देणार नाही. काकू म्हणाल्या, "एवी तेवी सांगून बसलाच आहात. आता कशाला लाजता?" काकांनी चार दिवस मेज आणि झोळी साफ केली. पाचव्या दिवशी त्यांनी मेजाच्या दुसऱ्या बाजूला एक खुर्ची आणून ठेवली.

चार महिन्यांनी मी त्यांच्याकडे गेलो. वरच्या खोलीत त्यांचे दोन चिमटे राहिले होते, ते द्यायचे होते. पुढच्या खोलीचं दार सताड उघडं. खुर्चीवर काकू, मेजामागे काका, समोर एक जोडपं. तरुणीच्या हातात एका छोट्या डबीत काही खडे होते. कानातलं करून हवं होतं.

"आधीच सांगते," काकू म्हणत होत्या, "यांना तांबडं आणि हिरवं ओळखू येत नाही. रंग मी बघते. बाकी सगळं ते. चालत असेल तर बसा."

तरुणाने बायकोकडे बघितलं, मग काकांकडे, मग दाराकडे. मी दारातच होतो, बाजूला झालो. "आम्ही जरा विचार करून येतो," तो म्हणाला.

"या," काकू म्हणाल्या.

ते गेल्यावर मी चिमटे मेजावर ठेवले. "असं किती जण जातात?"

"दहांतले सहा," काकू म्हणाल्या.

"सात," काका म्हणाले.

"सात कुठून आणलेत? काल ती बाई परत आली नाही का?"

"ती छत्री विसरली होती, म्हणून आली."

"आली ना? खडा ठेवून गेली ना?"

काकांनी कबूल केलं की खडा ठेवून गेली. त्यांनी ती पुडी काढली, उघडून काकूंपुढे सरकवली. चारही कोपरे शाबूत होते. काकूंनी तो खडा खिडकीकडे धरला.

"हिरवा. पण शेवटाकडे पिवळट झाक आहे. ही बाजू खाली घ्या."

"कुठली?"

"माझ्या अंगठ्याकडची."

काकांनी खडा तसाच, बाजू न बदलता, काकूंच्या चिमटीतून आपल्या चिमटीत घेतला, कपाळावरचं भिंग खाली ओढलं आणि आत बघू लागले. बराच वेळ बघत होते. मी निघतो म्हणालो, ते त्यांना ऐकू गेलं नाही.